यंत्रांचेही प्रतिलेखन



आमच्या जुन्या घरी न्हाणीघराच्या कोपऱ्यात तांब्याचा एक बंब होता. तो पेटवण्याचे काम आईने कधीही दुसऱ्या कोणाकडे सोपवले नाही. पहाटे ती प्रथम बंबाची राख काढी, मग मऊ पुंजणीने आतली जाळी आणि भोवतालची जमीन हलक्या हाताने झाडी. लाकडाची प्रत्येक ढलपी जमिनीवर दोनदा आपटी, उलटसुलट करून पाही आणि मगच आत सरकवी. एखादी मुंगी, एखादी वाळवी दिसली तर ती ढलपी त्या दिवसापुरती बाजूला ठेवली जाई. पाणी अर्थातच गाळलेले असे. दिवाळीच्या आधी चिंच आणि राख लावून बंब घासला जाई, तोटीतला क्षार खरवडला जाई आणि नळीला कोठे चीर गेली आहे काय, हे तांबटाला दाखवले जाई. लहानपणी मला हा सारा सोपस्कार फार लांबलचक वाटे. शाळेला उशीर होत असे आणि आई मात्र ढलप्या आपटीत बसलेली असे.

आज आमच्या घरात तो बंब नाही. त्याच्या जागी भिंतीवर गिझर आहे, दोन खोल्यांत एसी आहेत, दिवाणखान्यात कूलर आहे आणि प्रत्येक छताला पंखा आहे. बटण दाबले की पाणी तापते, बटण दाबले की हवा थंड होते. अग्नी डोळ्यांसमोर नाही म्हणून तो नाहीच, असे आपण धरून चाललो आहोत. आई जी पुंजणी बंबापाशी फिरवीत असे, ती आपण गिझरपाशी कधी फिरवली आहे काय? या लेखात मला हाच प्रश्न आपल्यापुढे ठेवायचा आहे. आणि तो आधी मी स्वतःलाच विचारला आहे, कारण त्याचे उत्तर देताना माझी मान खाली गेली होती.

गेल्या कार्तिकातली गोष्ट. सकाळी गिझर लावला की घरातली वीज जाऊ लागली. मीटरजवळच्या पेटीत जे आरसीसीबी नावाचे उपकरण असते, ज्याला आपले वायरमन सर्रास ‘ट्रिपर’ म्हणतात, ते खाली पडत असे. दुकान उघडण्याची घाई, नातवाची शाळा, सौभाग्यवतींचे पहाटेचे सामायिक. रोज अंधारात मेणबत्ती शोधण्याचा घरात वैताग झाला. वायरमनला बोलावले. तो म्हणाला, “साहेब, हा ट्रिपर फार नाजूक आहे. गिझरची लाइन मी त्याला वगळून थेट देतो. आठ दिवसांत नवा आणून बसवतो. तात्पुरते चालू द्या.”

मी ‘बरे’ म्हणालो.

बँकेच्या नोकरीत असताना व्यापाऱ्यांच्या गोदामांची तपासणी करणे, तारण मालाची नोंद पडताळणे आणि अनियमिततेवर लाल शाईने शेरा मारणे हे माझे काम होते. तपासणी अहवालातील ‘तात्पुरते’ हा शब्द मला सर्वांत संशयास्पद वाटे. तो शब्द दिसला की मी तारीख विचारीत असे. माझ्याच घरात मात्र मी ती विचारली नाही. आठ दिवसांचे तीन आठवडे झाले.

एके सकाळी सूनबाई नातवाला आंघोळ घालीत होत्या. तो सहा वर्षांचा. त्याने ओल्या हाताने नळ धरला आणि चटकन हात मागे घेऊन म्हणाला, “मम्मी, नळ चावला.” सूनबाईंनी क्षणभरही विचार न करता त्याला उचलून बाहेर आणले आणि मुख्य बटण बंद केले. त्यांच्या या सावधपणामुळेच मी आज हा लेख आपल्यासाठी लिहितो आहे. अन्यथा या सदराची जागा वेगळ्या कारणाने रिकामी राहिली असती.

दुसरा एक जाणता कारागीर आला. त्याने गिझर उघडला. बोअरच्या पाण्यातील क्षारांचा जाड थर तापकाच्या कांडीवर चढला होता. त्या थरामुळे कांडीची उष्णता पाण्यात मोकळेपणाने जात नव्हती. ती आतल्या आत प्रमाणाबाहेर तापली आणि तिचे धातूचे कवच फाटले. तेथून वीज पाण्यात झिरपत होती. अशा झिरपणाऱ्या विजेला जमिनीत वाट मिळावी म्हणून अर्थिंगची तार असते. आमच्या गिझरच्या पिनेतून ती तार केव्हाच निसटली होती. शेवटचा पहारेकरी म्हणजे ट्रिपर. तो बिचारा रोज सकाळी पडून ओरडून सांगत होता, की या घरात वीज चुकीच्या वाटेने जाते आहे. आम्ही त्यालाच नाजूक ठरवून वाटेतून दूर केले.

त्या दिवशी मी सूनबाईंपुढे हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हटले. संवत्सरीला आजवर शेकडो जणांना ते म्हणत आलो. कशासाठी म्हणतो आहे, हे इतके स्पष्टपणे त्यापूर्वी कधी माझ्यासमोर उभे राहिले नव्हते. चूक कारागिराची होती हे खरे, पण होकार माझा होता. गिझर घेतल्यापासून सात वर्षांत एकदाही तो उघडून पाहिला नव्हता, हा प्रमादही माझाच होता.

त्यानंतर मी विचार करू लागलो, की आपल्या परंपरेत ज्या गोष्टीला इतके महत्त्व आहे ती घरातल्या यंत्रांच्या बाबतीतच आपण कशी विसरलो? आपले साधू-साध्वी दररोज आपली वस्त्रे, पात्रे, पुस्तके यांचे प्रतिलेखन करतात. पौषध करणारे श्रावकही पडिलेहण करतात. वस्तू बिघडली आहे म्हणून नव्हे, तर ती निर्दोष आहे ना, तिच्यात कोणी जीव तर आश्रयाला आला नाही ना, हे पाहण्यासाठी. वस्तू उचलताना आणि ठेवताना नजर टाकावी, यासाठी स्वतंत्र समिती सांगितली आहे. श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडविरमण आहे. त्यातील प्रमादचर्येचा अर्थच असा, की कारणावाचून पाणी सांडणे, अग्नी पेटवणे, वारा घालणे हे दोषास्पद होय. रिकाम्या खोलीत चालणारा एसी, दिवसभर तापत राहिलेला गिझर आणि कोणी नसताना फिरणारा पंखा यांना याहून नेमके नाव सापडणार नाही.

आणि ऋतुमानाप्रमाणे नियम बदलण्याचे शिक्षण तर आपल्याला कोणी नव्याने द्यायला नको. उकाळलेल्या पाण्याची मर्यादा हिवाळ्यात ४ प्रहर, उन्हाळ्यात ५ प्रहर आणि पावसाळ्यात ३ प्रहर, हे श्वेतांबर कुटुंबांत लहान मुलांनाही ठाऊक असते. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवसांची मानतात. हा बदल ज्या सांध्यांवर होतो ते वर्षाचे तीन सांधे आहेत: फाल्गुन, आषाढ आणि कार्तिक. श्वेतांबरांची चौमासी चौदस या तीन महिन्यांत येते आणि दिगंबरांचे अष्टाह्निका पर्वही याच तीन महिन्यांच्या शुक्ल अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत असते. दर चार महिन्यांनी घरातले पाणी, पीठ, आहार यांचे नियम बदलतात. त्याच दिवसांत घरातल्या यंत्रांकडेही एक फेरी मारली, तर वेगळी तारीख लक्षात ठेवावी लागणार नाही. माझी सूचना एवढीच आहे. पुढे मी ती महिनावार मांडतो.

फाल्गुन: उन्हाळ्यापूर्वी

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा फाल्गुनी अठाई जवळ आली असेल, म्हणून प्रारंभ येथूनच करू.

चार महिने बंद असलेला एसी पहिल्या उकाड्यात एकदम सुरू करू नये. प्रथम त्याचे बाहेरचे युनिट नीट पाहावे. कबुतरे, चिमण्या, पाली, मुंग्या आणि गांधीलमाश्या यांना ती जागा फार सोयीची वाटते. आत जीव असताना पंखा फिरला तर काय होईल, हे सांगण्याची आवश्यकता नाही. कबुतराची अंडी आढळली तर थोडा धीर धरावा. अंडी उबण्यास सुमारे १८ दिवस आणि पिले उडण्यास त्यानंतर साधारण महिनाभर लागतो. तेवढे दिवस पंख्यावर काढता येतात. पिले उडून गेल्यावर जागा स्वच्छ करून जाळी लावावी. जाळी बसवताना हवेची वाट अडणार नाही, याची काळजी घ्यावी. सर्वांत उत्तम म्हणजे घरटे होण्याआधीच, माघात, जाळी लावून घेणे. जीवाला जागा मोकळी ठेवून नंतर हुसकावण्यापेक्षा आधीच बंदोबस्त करणे, यातच यतना आहे.

आतल्या युनिटचे फिल्टर आपण स्वतः काढून साध्या पाण्याने धुऊ शकतो. उन्हाळ्यात दर १५ दिवसांनी, पाक्षिक प्रतिक्रमणाच्या सुमारास, हे केले की विसर पडत नाही. फिल्टर धुळीने भरला की हवा कमी वाहते, आतल्या नळ्यांवर बर्फ धरतो, पाणी भिंतीवरून ठिबकते आणि कॉम्प्रेसर उगाच राबत राहतो. नळ्यांची धुलाई, पाणी वाहून नेणारी नळी मोकळी करणे आणि बाहेरच्या युनिटवरील धूळ काढणे ही कामे मात्र जाणत्या माणसाकडून वर्षातून एकदा करून घ्यावीत.

येथे व्यापारी वाचकांना हिशेबाची एक गोष्ट सांगतो. पुष्कळ घरांत दरवर्षी एसीत ‘गॅस भरला’ जातो आणि तो खर्च जणू देखभालीचाच भाग मानला जातो. वस्तुतः एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. तो कमी झाला याचा अर्थ कोठेतरी गळती आहे. गळती न शोधता पुन्हा गॅस भरणे म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी ओतणे. कारागिराला सांगावे, की आधी गळती दाखवा, ती जोडा, मग गॅस भरा आणि नेमका कोणता गॅस भरला तो पावतीवर लिहा. हवेत सुटणारा हा गॅस पृथ्वीचे तापमान वाढवतो, हेही ध्यानात असावे. जुन्या एसीतील आर-२२ तर ओझोनच्या थरालाही घातक असल्याने १९८७ च्या माँट्रियल कराराअन्वये टप्प्याटप्प्याने बंद केला जात आहे.

आता तापमानाविषयी. १ जानेवारी २०२० पासून आपल्या देशात खोलीचे नवे एसी सुरू होताना २४ अंशांवर सुरू होतील, अशी व्यवस्था केलेली आहे. तापमान एक अंशाने वाढवले तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाचा अंदाज आहे. दीड टनाचा एसी तासाला दीड युनिट घेतो असे धरले, तर आठ तासांच्या रात्रीचे १२ युनिट, उन्हाळ्याच्या १२० रात्रींचे १,४४० युनिट होतात. त्यातील ६ टक्के म्हणजे सुमारे ८६ युनिट. दर युनिटला १० रुपये धरले तर एका एसीमागे, एका अंशामागे, ८६० रुपये. एसी २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा मंद लावला, तर अंगाला गारवा तेवढाच लागतो. यातून वाचणारे पैसे वर्षाच्या सर्व्हिसिंगला पुरावेत.

आमच्या सोलापूरसारख्या कोरड्या हवेच्या गावांत कूलर अधिक चालतो. त्याचे तत्त्व माठाचे आहे: पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेते. म्हणून कूलर उघड्या खिडकीशी असावा; बंद खोलीत तो फक्त दमटपणा वाढवतो. हंगामापूर्वी गवताच्या जाळ्या बदलाव्यात, टाकी घासावी, पंपाची जाळी साफ करावी. लोखंडी अंगाचा कूलर असेल तर त्याची पिन तीन टोकांचीच हवी आणि अर्थिंग वायरमनकडून तपासलेलेच हवे. पाणी भरताना पिन सॉकेटमधून काढून ठेवावी; नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. ओल्या हाताने चालू कूलरला स्पर्श करू नये, हे घरातील मदतनिसांना आणि मुलांना पुन्हापुन्हा सांगावे.

कूलरच्या पाण्याचा प्रश्न आपल्यासाठी अधिक नाजूक आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस लागतात. दहा दिवसांनी टाकी ओतून दिली, तर त्यात वळवळणाऱ्या असंख्य जीवांचा घात होतो. ओतली नाही, तर घर आजारी पडते. हा पेच येऊच न देण्याचा मार्ग एकच: गाळलेले पाणी भरावे, टाकीवर झाकण असावे आणि दर दोन-तीन दिवसांनी, जीवोत्पत्ती होण्यापूर्वीच, ती पूर्ण रिकामी करून आतल्या भिंती कोरड्या पुसाव्यात. ते पाणी झाडांना घालावे. आळसाने पाणी साचू द्यायचे आणि मग डासांवर औषध फवारायचे, यात दोन्हीकडून हिंसा आहे.

पंख्यांकडे आपण सहसा पाहतच नाही. पात्यांवरील धूळ पुसावी, छतातील हुक आणि नट-बोल्ट वायरमनकडून पाहून घ्यावेत. पंखा मंद फिरू लागला असेल तर बहुधा त्याचा कपॅसिटर क्षीण झालेला असतो आणि तो स्वस्तात बदलतो. नवा पंखा घ्यायचाच असेल तर बीएलडीसी मोटरचा घ्यावा. जुना पंखा जेथे सुमारे ७५ वॅट घेतो तेथे हा ३० ते ३५ वॅटमध्ये चालतो. आणि पंखा लावण्यापूर्वी एकदा वर पाहावे. खोलीत चिमणी शिरली असेल तर पंखा थांबवणे ही तर आपल्या घराघरांतली जुनीच रीत आहे.

आषाढ: चातुर्मासाच्या उंबरठ्यावर

पावसाळ्यात हवेत आधीच ओलावा असतो, म्हणून कूलरचा उपयोग होत नाही. तरीही तो खिडकीत तसाच, तळाशी चार बोटे पाणी घेऊन, दिवाळीपर्यंत उभा असतो. चातुर्मासात जीवोत्पत्ती सर्वाधिक, म्हणून तर साधू-साध्वी विहार थांबवून एके ठिकाणी राहतात. आणि आपल्या खिडकीत मात्र जीवोत्पत्तीचे भांडे भरलेले! आषाढातल्या चौदशीपूर्वी कूलर पूर्ण रिकामा करावा, आतल्या भिंती घासाव्यात, उन्हात वाळवून झाकून ठेवावा. नुसते पाणी ओतून भागत नाही. एडिसची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पुढील हंगामात पाणी मिळताच त्यांतून अळ्या निघतात.

एसीची ठिबकणारी नळी कुंडीत किंवा उघड्या बादलीत सोडलेली असेल तर तेथेही पाणी साचते. ते रोज ओतावे. भिंतींना ओल आलेली असल्यास सॉकेट आणि बटणे पाहून घ्यावीत. सॉकेट काळवंडले असेल, पिन हाताला गरम लागत असेल, किंवा जळका वास येत असेल, तर तेथे जोड सैल आहे आणि तेथूनच आग लागते. एसी व गिझर यांना १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट असावे. एकाच एक्स्टेंशनवर दोन-तीन जड उपकरणे कदापि चालवू नयेत.

हे घराइतकेच दुकानालाही लागू आहे. कापड, कागद, प्लास्टिक, तेल यांचा साठा जेथे असतो त्या गोदामात रात्री मुख्य बटण बंद करून निघण्याची शिस्त हवी. दिव्यापुरती आणि पहाऱ्याच्या कॅमेऱ्यापुरती वेगळी लाइन काढून घेतली, की बाकी सारे निश्चिंतपणे बंद करता येते.

कार्तिक: हिवाळ्यापूर्वी

दिवाळीनंतरची ही फेरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कारण सांगून झालेच आहे.

विजेचा गिझर वर्षातून एकदा उघडून तापकाची कांडी साफ करून घ्यावी. बोअरचे पाणी असेल तर हे टाळूच नये. टाकीचा गिझर असेल तर आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. पाण्यातील क्षार टाकीचे लोखंड खाण्याऐवजी प्रथम त्या कांडीला खातात. ती स्वतः झिजते आणि टाकी वाचवते. ती संपली की टाकी गंजू लागते. गिझर उघडला जाईल तेव्हा ‘मॅग्नेशियमची कांडी किती उरली आहे, मला दाखवा’ असे आवर्जून म्हणावे. सेफ्टी व्हॉल्व्ह मोकळा आहे ना, हेही पाहून घ्यावे. तो क्षाराने बंद झाला आणि त्याच वेळी थर्मोस्टॅटही बिघडला, तर आतली वाफ टाकी फोडू शकते.

२५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे १.१६ युनिट वीज लागते. २,००० वॅटच्या गिझरला त्यासाठी ३५ मिनिटे पुरतात. म्हणजे पहाटे अर्धा-पाऊण तास गिझर लावून बंद करावा आणि मगच आंघोळीस जावे. काही घरांत तो सकाळपासून दुपारपर्यंत चालू असतो; त्याने पाणी अधिक गरम होत नाही, केवळ निवते आणि पुन्हा तापते.

आता ट्रिपरविषयी, कारण त्याच्याविषयी गैरसमज फार आहेत. एमसीबी भार वाढला किंवा तारा भिडल्या की बंद होते. ती तारांचे आणि घराचे रक्षण करते. आरसीसीबी गेलेली वीज आणि परतलेली वीज यांचा मेळ घालते. जमा आणि खर्च यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ती क्षणार्धात वीज तोडते. हा फरक म्हणजे वीज कोणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत जात आहे. रोजकीर्दीत फरक लागत असता हिशेबनिसालाच कामावरून काढून टाकणारा व्यापारी आपण पाहिला आहे काय? मी मात्र तेच केले होते. ट्रिपरवर ‘टी’ अक्षराचे एक बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. वीज गेली तर तो जागा आहे, न गेल्यास त्याच दिवशी बदलावा.

गॅस गिझरविषयी मी अधिक कठोर शब्दांत लिहितो. बंद स्नानगृहात गॅस जळला की तेथील प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा कितीतरी पटींनी घट्टपणे त्याला धरून ठेवते. माणसाला प्रथम डोके जड वाटते, गरगरते, आणि दार उघडण्याचे भान येण्यापूर्वीच तो कोसळतो. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात आणि बहुतेकदा त्यांत तरुण मुले-मुली असतात. म्हणून गॅस गिझर स्नानगृहाच्या बाहेर, मोकळ्या हवेतच असावा. तो आत असेल तर या महिन्याची वाट न पाहता आजच हलवावा. ज्योत निळी असावी. पिवळी दिसू लागली तर ज्वलन अपुरे होत आहे, गिझर बंद करून दाखवावा. आत गेलेल्याने हाकेला ओ दिली नाही तर संकोच न करता दार उघडावे, गॅस बंद करावा, त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि लगेच रुग्णालयात न्यावे.

गच्चीवर सौर बंब असेल तर त्याच्या काचेच्या नळ्या पहाटे, थंड असतानाच धुवाव्यात. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी पडले की ती तडकते.

एक पान वहीचे

आता मी जे केले ते सांगून आवरते घेतो. यंदाच्या दिवाळीत पूजन केलेल्या नव्या वहीत मी एक पान ‘गृहयंत्र खाते’ म्हणून काढले. त्यात प्रत्येक यंत्राची खरेदी तारीख, वॉरंटीची मुदत, तपासणीचा दिवस, आढळलेला दोष, दुरुस्ती, खर्च आणि शेवटी सही, असे रकाने आहेत. पहिली नोंद लाल शाईने, माझ्याच विरुद्ध आहे: ट्रिपर वगळण्यास संमती दिली, एकवीस दिवस. त्यापुढे खर्चाच्या रकान्यात कांडी, व्हॉल्व्ह, अर्थिंगची तार आणि मजुरी मिळून १,८५० रुपये आहेत. सात वर्षे तपासणी टाळून मी जे वाचवले असे समजत होतो, त्यापुढील आकडा या वहीत मावणारा नव्हता.

सहीच्या रकान्यात आता माझी सही नसते, सूनबाईंची असते. मी बँकेत शिकलो, की ज्याने व्यवहार केला त्यानेच तो तपासू नये. त्या वायरमनला प्रत्येक गोष्ट दाखवायला लावतात, ‘तात्पुरते’ म्हटले की तारीख मागतात आणि ती वहीत लिहितात. परवा फाल्गुनाची तयारी म्हणून बाहेरचे युनिट पाहायला त्या गॅलरीत गेल्या तेव्हा नातू मागोमाग गेला आणि आईची जुनी पुंजणी घेऊन आला. युनिटच्या जाळीवरून त्याने ती हलकेच फिरवली. चार मुंग्या खाली उतरून भिंतीकडे गेल्या, तोवर तो बटणाला हात न लावता थांबून राहिला.

जय जिनेंद्र.